गडचिरोलीत कारभार पोचतो कसा



26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन झालं आणि गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ चौपट. 2011च्या जनगणनेत इथली लोकसंख्या भरली 10,72,942. राज्यात दर चौरस किलोमीटरला सरासरी 365 माणसं होती, गडचिरोलीत 74.

हा 74चा आकडाही जिल्ह्याला सरसकट लागू पडत नाही. वैनगंगेच्या अंगाचे देसाईगंज, आरमोरी हे तालुके धानाचे, बऱ्यापैकी दाट वस्तीचे. देसाईगंजला, म्हणजे वडशाला, तर रेल्वेही आहे. दक्षिणेकडे एटापल्ली, भामरागड लागलं की जंगल दाट होतं आणि वस्ती टोल्याटोल्यांत विखुरते. 2011 साली भामरागड तालुक्याची सगळी लोकसंख्या चाळीस हजारांच्या आतच होती. मुंबईतल्या एका प्रभागात याहून जास्त लोक राहतात. तरी तालुका म्हटला की तहसील, पंचायत समिती, दवाखाना हे सगळं लागतंच, आणि ते चालवायला तिथे टिकून राहणारी माणसं लागतात.

आरोग्य खात्याचा निकष बघा. सपाटीवर 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात 3,000 लोकांमागे एक. सवलत दिली आहे, हे मान्य. पण हे तीन हजार लोक किती टोल्यांत राहतात, मध्ये किती नाले आहेत, पावसाळ्यात त्यांतले किती ओलांडता येतात, याचा हिशेब त्या निकषात नाही. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की तालुक्याच्या ठिकाणाचाच संपर्क तुटायचा, हे लोकांनी वर्षानुवर्षं सोसलं आहे.

म्हणूनच सरकारच्या योजनांपैकी मला ‘माहेरघर’ फार मोलाचं वाटतं. प्राथमिक आरोग्य केंद्राला लागूनच राहण्याची सोय. दिवस भरत आलेल्या बाईनं कळा सुरू व्हायच्या आधीच, चार-पाच दिवस अगोदर तिथे येऊन राहायचं. सोबत धाकटं मूल आणि आई किंवा सासू. जेवणाची व्यवस्था तिथेच. ऐन वेळी बाईला खाटेवर घालून, चौघांनी खांद्यावर घेऊन नाला पार करायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं. अर्थात, खोली बांधली म्हणजे बाई येते असं नाही. गावातल्या आशाताईला तिची तारीख ठाऊक हवी, आणि घरातल्या म्हातारीची समजूत तिच्या भाषेत, माडियात घालता यायला हवी.

भाषा तरी एक का आहे! माडिया, गोंडी, मराठी. सिरोंचाकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि मुलचेरा-चामोर्शीत पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्यांची बंगाली. तहसील कचेरीतला अर्ज मात्र सगळ्यांना मराठीत.

लोकांच्या हाती कारभार दिला तर काय होतं, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं दाखवलं आहे. 2006च्या वनहक्क कायद्याखाली, 2009 साली, या लहानशा गोंड गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याचं नाव घेतलं जातं. तिथे ग्रामसभेत निर्णय सर्वानुमते होतात आणि बांबूविक्रीचा पैसा ग्रामसभेकडे येतो.

अहेरी वेगळा जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. सिरोंच्याच्या माणसानं एका सहीसाठी दोनशे किलोमीटरवर गडचिरोलीला का जावं? मात्र त्याआधी एक काम करता येईल. पुढची जनगणना करताना एटापल्ली-भामरागडमध्ये प्रगणक म्हणून तिथलीच, माडिया बोलणारी शिकलेली मुलं-मुली नेमावीत. आणि प्रत्येक टोल्यापुढे डोक्यांच्या आकड्याबरोबर दवाखाना किती लांब आणि वाट किती महिने बंद, हेही लिहून घ्यावं. उपकेंद्रं कुठे उघडायची ते त्या दोन रकान्यांवरून ठरवावं.