जिल्हा ओलांडणाऱ्याला कायदा कोठे आहे?

(गुरुग्राम येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो,

आज आपण ज्या जिल्ह्यात जमलो आहोत, त्याची लोकसंख्या २००१ साली पावणेनऊ लाखांच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती पंधरा लाखांवर गेली. एवढी मुले काही दहा वर्षांत इथे जन्मली नाहीत. माणसे आली. कोणी बिहार, उत्तर प्रदेशातून, तर कोणी हरियाणाच्याच दुसऱ्या जिल्ह्यांतून. पहिल्यांना सगळे परप्रांतीय म्हणून ओळखतात. दुसऱ्यांना कोणी काहीच म्हणत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते या दुसऱ्यांबद्दल, कारण आपल्या महाराष्ट्रात ते घरोघरी आहेत.

त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. सिंधुदुर्गही घटला. ठाणे मात्र ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेले. २०११ साली रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, मुंबई शहरात ८३२. टपालातल्या आपल्या साथींना हे जनगणनेने सांगावे लागले नाही. त्यांनी ते मनिऑर्डरींवर वाचले होते. रेल्वेवाल्यांनी ते गणपतीच्या गर्दीत पाहिले.

कोकणचा चाकरमानी निदान दिसतो तरी. बीडचा ऊसतोड कामगार दिसतही नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुकादमाची उचल घेऊन ट्रक-ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्रात जातो, तो उन्हाळा लागताना परततो. आपली बदली झाली तर भत्ता मिळतो, सामानाचे भाडे मिळते. त्याला मिळते ती उचल, म्हणजे कर्जच.

आता कायद्याची गंमत पाहा. १९७९ च्या स्थलांतरित कामगार कायद्यात प्रवासभत्ता होता, विस्थापन भत्ता होता. पण ठेकेदाराने राज्याची हद्द ओलांडून नेलेल्यालाच. म्हणजे बीडचा कोयता बेळगाव जिल्ह्यात गेला तर कायद्यात बसे. अलीकडे कोल्हापुरातच थांबला तर नाही. (अंमलबजावणी किती होई, ते विचारू नका.) २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली. ‘आंतरराज्य’ हा शब्द तिथेही कायम राहिला. राज्य सरकारने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ काढले, हे चांगले झाले. पण महामंडळ योजना देते, हक्क देत नाही.

येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरली आहे. त्या वेळी हंगाम चालू असतो, कोयता फडावर असतो आणि गावातल्या घराला कुलूप असते. म्हणून आमची सूचना आहे की या सभेने दोन ठराव करून महासंघाकडे पाठवावेत. एक, मोजणीदार फडावरच्या कोप्यांपर्यंत गेला पाहिजे. दोन, कायद्यातील संरक्षण राज्याच्या हद्दीला न बांधता ते ठेकेदाराने गाव सोडायला लावलेल्या प्रत्येक कामगाराला मिळाले पाहिजे. ठरावाचा मसुदा टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या असतील त्या चहाच्या सुटीपूर्वी द्याव्यात.