अक्षर बदलते, ध्वनी टिकतो

चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर तमिळ ऐकते आणि शाळेत पुष्कळदा फ्रेंच निवडते. १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या अमलाखाली असलेले पुदुच्चेरी तेथून दूर नाही. त्यामुळे ही भाषा त्या भागाला सर्वस्वी परकी नव्हे. परंतु वर्तमानकाळाची क्रियापदे सुरू झाली की मुलाची दमछाक होते. नियम थोडे, अपवाद फार, असे वाटून ते घोकंपट्टीच्या मागे लागते.

वस्तुतः त्या अपवादांना कारणे आहेत. ‘कॉमांसे’ म्हणजे आरंभ करणे. त्यातील रोमन ‘सी’ हे अक्षर ‘इ’ व ‘ए’ यांपूर्वी ‘स’ असे उच्चारतात, ‘अ’ व ‘ओ’ यांपूर्वी ‘क’ असे. ‘आम्ही’चा प्रत्यय ‘ओं’ लागताच त्या ‘स’चा ‘क’ व्हावयाचा. म्हणून अक्षराखाली एक लहानशी शेपटी जोडतात आणि ‘कॉमांसों’ हा उच्चार राखतात. ध्वनी टिकावा म्हणून लेखन बदलते.

मराठीची रीत याच्या उलट आहे. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत अक्षर एकच. पण पहिला ‘झ’ दंत्य, दुसरा तालव्य. येथे लेखन स्थिर राहते व ध्वनी बदलतो. देवनागरी न शिकलेले वेलचेरीतले मूलही हा भेद बिनचूक पाळते.

दुसरे उदाहरण विकत घेण्याच्या क्रियापदाचे. ‘मी’च्या रूपात प्रत्यय मूक असतो, आघात धातूवर येऊन ‘झाशेत’ असा स्पष्ट ‘ए’ ऐकू येतो आणि त्यावर स्वरचिन्ह चढते. ‘आम्ही’च्या रूपात आघात प्रत्ययावर सरकतो, तो ‘ए’ क्षीण होतो आणि चिन्हही गळते. ‘फूल’ व ‘फुलाला’, ‘पीठ’ व ‘पिठात’ या जोड्यांत मराठी स्वरही पुढे प्रत्यय येताच असाच आखडतो.

राहिली अनियमित क्रियापदे. ती बहुधा नित्याच्या वापरातलीच असतात. जिभेवर सतत खेळणारा शब्द आपले जुने रूप सहसा सोडीत नाही. फ्रेंच ‘जाणे’ची ‘वे’ व ‘आलों’ ही रूपे भिन्न मुळांची आहेत. मराठीतही ‘जातो’ ‘या’ धातूचे, तर ‘गेला’ ‘गम्’ धातूचे. ‘आहे’ या अर्थाची ‘ए’ व ‘सों’ ही रूपे लॅटिन ‘एस्त’ व ‘सुन्त’ यांच्यापासून आली. संस्कृत ‘अस्ति’ व ‘सन्ति’ यांची ती भावंडे होत. १९९० साली फ्रान्समध्ये लेखनसुधारणा सुचविण्यात आल्या, तेव्हाही ‘बोलावणे’ व ‘फेकणे’ या अर्थांच्या क्रियापदांतील जुनी द्वित्ते रूढ म्हणून तशीच ठेवण्यात आली.

म्हणून परभाषा शिकणाऱ्या मुलाला घरची मराठी अडगळ वाटू नये. तिच्यातील वळणे ज्याने एकदा जाणीवपूर्वक ऐकली, त्याला फ्रेंचची वळणे घोकावी लागतील खरी. पण ती निष्कारण आहेत, असे मात्र वाटणार नाही.