गुन्ह्याची कबुली आणि अपिलाचा हक्क



16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात लागलेली आग झावळ्यांच्या छपरापर्यंत पोहोचली आणि 94 मुले मृत्युमुखी पडली. तंजावरच्या न्यायालयाने 30 जुलै 2014 रोजी दहा जणांना दोषी ठरविले. शाळेच्या संस्थापकास जन्मठेप झाली. ऑगस्ट 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अपिलात ही जन्मठेप भोगलेल्या कारावासापुरती कमी केली व इतर अनेकांची मुक्तता केली. तेरा वर्षे! पालकांच्या दृष्टीने हा असह्य विलंब होता. निकाल बदलला तो मात्र आरोपींचा अपिलाचा हक्क शाबूत होता म्हणून. त्यांनी प्रारंभीच गुन्हा कबूल केला असता तर?

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 416 मध्ये याचे उत्तर आहे. पूर्वीच्या 1973 च्या संहितेत हेच कलम 375 होते. कबुलीवरून दोषसिद्धी झाली की दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही. सत्र न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली असेल, तर तिचे प्रमाण आणि वैधता एवढ्यापुरतेच अपील करता येते. ‘कबुलीनंतर अपील नाही’ हे अनेक उत्तरपत्रिकांत आढळणारे विधान म्हणूनच अर्धसत्य आहे. शिवाय कबुली स्वीकारण्यास न्यायालय बांधील नसते. जुलै 2009 मध्ये अजमल कसाबने मुंबईच्या विशेष न्यायालयात कबुली दिली, तरी खटला पुढे चालला.

प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षा, ही तरतूद निराळी. ती 5 जुलै 2006 पासून अमलात आली. आता आरोपनिश्चितीपासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. प्रथमच गुन्हा करणाऱ्यास किमान शिक्षेच्या एक चतुर्थांश इतकीच शिक्षा दिली जाऊ शकते. येथे शिक्षेविरुद्धचे नेहमीचे अपीलही उरत नाही. अनुच्छेद 136 खालील विशेष अनुमती याचिका आणि अनुच्छेद 226 व 227 खालील रिट याचिका एवढेच मार्ग राहतात. सात वर्षांहून अधिक शिक्षेचे, तसेच स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे यातून वगळले आहेत. कुंभकोणमसारख्या घटनेत असा सौदा संभवतच नाही, आणि ते योग्यच आहे.

सौद्याला कायद्याचे रूप नव्हते तेव्हा काय घडत असे, हे थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणावरून दिसते. सौम्य शिक्षेच्या आश्वासनावर आरोपीने कबुली दिली; उच्च न्यायालयाने पुढे शिक्षा वाढविली. आरोपीला बचावाची संधी न देता असे करणे अनुच्छेद 21 चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आणि बचावाच्या संधीसह खटला पुन्हा चालविण्यास सांगितले.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत कबुली हा विनिमय आहे: अपिलाचा हक्क द्यायचा, वेळ आणि अनिश्चितता वाचवायची. पण विनिमय न्याय्य ठरण्यासाठी दोन्ही पक्षांना पर्याय हवा. 2022 अखेर देशातील तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यांपैकी 4,34,302 खटल्याच्या निकालाची वाट पाहणारे, म्हणजे सुमारे 76 टक्के. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या मजुराने महिनोन्‌महिने कोठडीत काढले असतील, तर ‘गुन्हा कबूल’ म्हणून घरी जाणे त्याला स्वस्त वाटते. तो निर्दोष असला तरीही! सधन आरोपी वाट पाहू शकतो. खटल्यांचा निपटारा लवकर होतो म्हणून या तरतुदीचे कौतुक करणाऱ्यांनी हा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हेही मोजावे.

कबुली दिलेल्या गरीब कैद्याला शिक्षेपुरता उरलेला हक्क तरी वापरता यावा, यासाठी मुदती ठाऊक हव्यात. दोषसिद्धीनंतर सत्र न्यायालयात अपिलासाठी 30 दिवस, उच्च न्यायालयात 60 दिवस; पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. तुरुंगात असलेला कैदी आपले अपील तुरुंगाधिकाऱ्यामार्फत पाठवू शकतो, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 अन्वये कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.