बातमी पाखडून घ्यावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या चालक भगिनींनी मला मुलींच्या शिक्षणावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी सातवी शिकलेली बाई. शिक्षणावर मोठे विचार मांडण्याचा माझा अधिकार नाही. पण माझी मुलगी गेले दीड वर्ष तालुक्याच्या लहानशा कॉलेजात जे शिकते आहे, ते मी रोज रात्री भाकऱ्या थापताना ऐकते. त्यातले आपल्या उपयोगाचे वाटले तेवढेच सांगते.

ती शिकते आहे वृत्तविद्या. बातमी कशी मिळवावी, कशी लिहावी, फोटो, जाहिरात, आकाशवाणी, दूरदर्शन, मोबाइलवरच्या चित्रफिती हे सारे त्यात येते. मुंबई विद्यापीठाने २००० साली हा पदवीचा अभ्यासक्रम बी.एम.एम. या नावाने सुरू केला. २०१९ पासून त्याला बी.ए. इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन असे लांबलचक नाव मिळाले. आपल्या सिंधुदुर्गातली कॉलेजे याच विद्यापीठाखाली येतात, म्हणून ही विद्या आपल्या दाराशी आली.

मुलीने नाव घातले तेव्हा नातेवाइकांनी मला विचारले, “वहिनी, नर्सिंगला घातली असती तर नोकरी तरी पक्की होती. आता ही पोर रात्री-अपरात्री बातम्या गोळा करीत हिंडणार का?” त्यांची काळजी खोटी नव्हती. पण ही विद्या आपल्याला परकी आहे असे मात्र कोणी म्हणू नये. मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. तेव्हा ते जेमतेम विशीतले होते. आणि बायकांचे म्हणाल, तर १९०६ साली पती वारल्यावर तानूबाई बिर्जे यांनी ‘दीनबंधु’ पत्राची संपादकी सांभाळली. शंभर वर्षांपूर्वी एक बाई जे करू शकली, ते आज आपल्या मुलींना का जमू नये?

आता कॉलेजात काय शिकवतात ते ऐका. बातमी लिहिणाऱ्याने सहा प्रश्न विचारायचे: कोण, काय, केव्हा, कोठे, का आणि कसे. मुलीने पहिली बातमी लिहिली ती आमच्या गावची संध्याकाळची एस.टी. बंद झाली त्याची. सरांनी कागद परत दिला आणि विचारले, “डेपोचे म्हणणे कोठे आहे?” ती डेपोत जाऊन आली. कागद पुन्हा परत आला. “यात बोललेले चारही जण पुरुष आहेत. तुमच्या गावात बायका राहत नाहीत का?” मग ती बाजाराला भाजी नेणाऱ्या बायकांना भेटली. शेवटची गाडी गेल्यामुळे उरलेली भाजी पडेल त्या भावाने टाकून त्यांना लवकर निघावे लागते, हे तेव्हा कागदावर आले. कॉलेजच्या भित्तिपत्रकावर ते लागले. गाडी अजून सुरू झालेली नाही. पण आपल्या बायकांची अडचण त्यांच्या तोंडच्या शब्दांत लिहिली गेली, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

ही विद्या केवळ पत्रकार होणाऱ्यांचीच आहे असेही नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी मोबाइलवरून अफवा पसरली होती. त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीत, मुलांना जपा हे सांगण्यासाठी केलेली होती. पळवलेले मूल परत आणून देतात, हा तिचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. भगिनींनो, असे निरोप आपण आयाच काळजीपोटी पुढे धाडतो. काळजी खरी असते, निरोप खोटा असतो, आणि मरतो तो तिसराच. आपण तांदूळ पाखडल्याशिवाय आधणात टाकीत नाही. मग बातमी न पाखडता दुसऱ्याच्या घरी कशी पाठवावी? हे कोणी पाहिले, केव्हा, कोठे, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ खडे निघतात.

जाहिरातीचेही तसेच. मधुमेह मुळासकट घालवतो, उंची वाढवतो, लठ्ठपणा उतरवतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मुलीने हे सांगितल्यावर आमच्या आळीतल्या दोघींनी मागवायला काढलेले चूर्ण मागवले नाही. घरचे पैसे वाचले आणि डॉक्टरांच्या गोळ्याही चालू राहिल्या.

लहान कॉलेजाच्या उणिवा मी झाकीत नाही. कॅमेरा एकच आहे, संगणक जुने आहेत, आणि मोठ्या कचेरीत काम शिकायचे तर मुंबईची वाट धरावी लागते. तेथे खोलीचे भाडे कोठून आणायचे, हा प्रश्न आमच्याही पुढे उभा आहे. पण वर्गात मुले थोडी, म्हणून तो एक कॅमेरा प्रत्येकीच्या हाती येतो. सर मुलीला नावाने ओळखतात आणि तिचा कागद तीनदा परत देतात. मुलगी घरून डबा घेऊन जाते आणि रात्री घरी परतते. माझी शाळा सातवीला थांबली, कारण पुढची शाळा लांब होती. जवळच्या कॉलेजाची किंमत मला कोणी शिकवायला नको.

म्हणून माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. मुलगी ही विद्या शिकायला निघाली तर तिला अडवू नका. आणि आपल्या मंडळाच्या दारात एक फळा लावू या. महिन्यातून एकदा गावची एक खरी, तपासलेली बातमी आपणच त्यावर लिहू. अक्षर वाकडे आले तरी चालेल.