आधी कान, मग अर्थ

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



या मंगल प्रसंगी वाचनसंस्कारावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी ऋणी आहे. कर्जत-खालापूरच्या भूमीवर हा विषय मांडताना कविवर्य नारायण सुर्वे यांचे स्मरण अपरिहार्य ठरते. उत्तरायुष्यात ते आपल्याच नेरळला वास्तव्यास होते.

रस्त्यावर सापडलेल्या या अर्भकाला गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार दांपत्याने आपले नाव दिले. शाळा लवकर सुटली. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी कामगार, शाळेतील शिपाई आणि पुढे शिक्षक, असे त्यांचे जीवन गेले. १९६२ साली पहिला काव्यसंग्रह निघाला, त्याचे नाव 'ऐसा गा मी ब्रह्म'. त्यातील 'गा' पाहा. ज्ञानेश्वरीत श्रीकृष्ण अर्जुनाला ज्या जिव्हाळ्याने संबोधतात, तोच हा 'गा'. आणि 'ब्रह्म' तर थेट वेदान्तातले. कामगाराने हे शब्द हक्काने उचलले.

गिरणगावच्या चाळींत कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांची भजनी मंडळे होती. दिवसभर साच्यापाशी उभा राहिलेला माणूस रात्री टाळ घेऊन बसे. त्या वस्तीतील मुलांच्या कानी तेराव्या शतकाची मराठी पडे. अर्थ विचारण्याची सवड कोणालाच नसे. अवघड काव्य असेच आत शिरते, असे माझे मत आहे.

'कष्टकऱ्यांच्या मुलांना सोपेच द्यावे' असे सद्हेतूने म्हटले जाते. मला ते मान्य नाही. आपल्या घरांतील बालके भक्तामर स्तोत्र म्हणतात. संस्कृत भाषा, वसंततिलका वृत्त. अर्थ कळतो फार पुढे. त्यांना सोपे करून द्या, असे आपण कधी म्हणालो का? (मोरोपंतांची आर्या पाठ करणाऱ्या पूर्वीच्या पिढ्यांनाही कोणी म्हटले नाही.) मग वीटभट्टीवरील मुलानेच काय केले?

दिवाळीनंतर आपल्या भागातील कातकरी कुटुंबे भट्ट्यांवर जातात, मुलांची शाळा तुटते. तेथे पाट्या-पेन्सिली पोहोचवणारे आहेत, त्यांना माझे वंदन. परंतु एखाद्या सायंकाळी ज्ञानेश्वरीची प्रत नेऊन, विवरण न करता, दहा-बारा ओव्या कोणी स्वच्छ आवाजात वाचाव्यात, अशी माझी विनंती आहे. मुले उठून गेली तर जाऊ द्यावीत. पहिल्या सायंकाळी सोबत येण्यास मी तयार आहे. वार आपण कळवावा.