दंशाची नोंद, प्राणांचे रक्षण

(मुरगूड, ता. कागल, जि. कोल्हापूर येथील व्याख्यानाची संहिता)



वेदगंगेच्या खोऱ्यात पाऊस सुरू झाला की भाताच्या लावणीची लगबग सुरू होते, उसाच्या फडात पाऊलभर चिखल साचतो, आणि त्याच दिवसांत 'अमक्याला पान लागले' ही वार्ताही कानी येऊ लागते. हा केवळ योगायोग नव्हे. सन २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने मांडला. त्यातील जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. मृतांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती, आणि बहुतेकांचा अंत रुग्णालयात नव्हे, तर खेड्यातील घरीच झाला.

जो मृत्यू घरी होतो, तो वैद्यकाच्या दृष्टीला पडत नाही. जे दृष्टीला पडत नाही, त्यावर संशोधन होत नाही आणि औषधही निघत नाही. उष्ण कटिबंधातील अनेक व्याधींची हीच कहाणी आहे.

एका संस्थेची वाटचाल

या व्याधींचा अभ्यास करणारी एक जुनी संस्था लंडन येथे आहे : रॉयल सोसायटी ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीन. तिची स्थापना १९०७ साली झाली आणि सर पॅट्रिक मॅन्सन हे तिचे पहिले अध्यक्ष. दहा वर्षांपूर्वी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचा परोपजीवी आढळला होता. पुढे १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी या शास्त्राला चालना मिळाली ती प्रामुख्याने साम्राज्याचे सैनिक, अधिकारी आणि व्यापारी यांच्या रक्षणासाठी, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. रुग्ण इथले, डासही इथले; परंतु ग्रंथ आणि अधिकार मात्र तिकडचे.

तथापि संस्थेचे कार्य काळानुसार बदलत गेले. नियतकालिकांचे प्रकाशन, परिषदा, संशोधकांचा सन्मान ही तिची नित्याची कामे आहेत. त्याचबरोबर उमेदीच्या संशोधकांना ५ हजार पौंडांपर्यंतचे छोटे अनुदान देण्याचा उपक्रमही तिने सुरू केला. मोठ्या प्रयोगशाळेपुढे ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु तालुक्याच्या ठिकाणी बसून नोंदी गोळा करणाऱ्या तरुण डॉक्टरला तेवढ्यात पहिला अभ्यास तडीस नेता येतो. तथापि अशा संस्थेचे मोल शेवटी ठरते ते तिच्याकडे कोण लिहितो यावर.

महाडचे उदाहरण

या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे कार्य मननीय आहे. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले तेथे दगावत होती. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणे टिपली : उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, वाढता रक्तदाब आणि अखेर फुप्फुसात साचणारे पाणी. या नोंदींवर आधारलेला त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील स्वस्त औषध या रुग्णांसाठी वापरले. विंचवाच्या विषाने शरीरात उसळणारा आवेग रक्तवाहिन्या आवळतो. हे औषध त्या सैल करते आणि हृदयावरील ताण उतरतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीस ते चाळीस टक्के दगावत. हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. या कार्यात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही बरोबरीचा वाटा आहे. पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशाविषयीचा या दांपत्याचा लेख २००२ साली लंडनच्या त्याच संस्थेच्या नियतकालिकाने छापला. ज्या शास्त्रात इथला माणूस एकेकाळी केवळ रुग्ण होता, त्या शास्त्राचा तो आता लेखक झाला होता. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

अशा अनेकांच्या नोंदी साचत गेल्या, तेव्हा जगाला जाग आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. २०१९ साली, २०३० पर्यंत त्यामुळे होणारे मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरवले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये याच उद्दिष्टाची राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली.

गावाचे कर्तव्य

योजना दिल्लीत आखली जाते. तिची कसोटी मात्र मुरगूडच्या शिवारात लागते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस आपल्या देशातच तयार होते आणि सरकारी रुग्णालयांत ती दिली जाते. परंतु दंश झाल्यावर कासऱ्याने पाय आवळणे, ब्लेडने जखम कापणे, विष तोंडाने ओढणे किंवा मांत्रिकाच्या दारी बसून राहणे यांत मोलाचे तास निघून जातात. रुग्णाला धीर द्यावा, अवयव हलू न देता बांबूच्या किंवा लाकडी पट्टीचा आधार द्यावा, दंशाची वेळ लक्षात ठेवावी आणि विनाविलंब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन गाठावे. साप मारण्यात वा पकडण्यात वेळ दवडू नये.

मण्यारीचा दंश विशेष फसवा. जमिनीवर निजलेल्यांना ती रात्री चावते. वेदना जवळजवळ नसते, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळले, तर अपचन समजून घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून निजणे आणि रात्री गोठ्यात जाताना हाती विजेरी व पायात बूट असणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त बचाव होय.

दुसरे कर्तव्य नोंदीचे. दंश केव्हा झाला, कोठे झाला, उपचार किती वेळाने मिळाला आणि पुढे काय झाले, एवढी माहिती प्रत्येक घटनेची आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचली पाहिजे. आशाताई, शिक्षक, तरुण मंडळांचे कार्यकर्ते यांना हे काम सहज पेलण्यासारखे आहे. लस कोणत्या केंद्रात किती ठेवावी, याचा निर्णय अशा नोंदींवरूनच होत असतो. बिरवाडीच्या एका तरुण डॉक्टरपाशी आरंभी निरीक्षण आणि वही यांखेरीज फारसे काही नव्हते. येत्या पावसाळ्याआधी अशी एक वही मुरगूडच्या परिसरातही उघडली जावी, एवढीच या निमित्ताने अपेक्षा.