बाहुल्या घडवणारे विष्णुदास

जयपूरची कठपुतळी आपण पाहिलेली असते: डोकं लाकडी, खाली पाय नाहीत, नुसता घेरदार घागरा. आमच्या सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी मात्र लाकडात हातपाय हलणाऱ्या बाहुल्या घडवल्या. त्यांना सगळे मराठी नाटकाचे जनक म्हणून ओळखतात, पण माझ्या मते या माणसाची खरी ओळख हातातल्या हत्यारांवरून व्हावी.

जनक म्हणण्याचं कारण असं: १८४२ च्या सुमारास सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकी भागवत नाटकमंडळींचा खेळ पाहिला आणि असं काही मराठीत करायला भाव्यांना सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभं राहिलं. सूत्रधार गाणार, विदूषक मध्येच थट्टा करणार, आणि राक्षस अशा काही आरोळ्या ठोकत येणार की पुढे लोकांनी या नाटकांना नावच ठेवलं, ‘अललडुर्र’!

भावे १९०१ मध्ये गेले. त्यांनी घडवलेल्या बाहुल्या मागे राहिल्या. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी केली, दोऱ्या बांधल्या आणि त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या.